विकून टाका म्हणणाऱ्यांना

२०२४-२५च्या प्रीमियर लीगमध्ये टॉटनहॅम हॉटस्पर सतराव्या क्रमांकावर राहिला. ३८ सामने, २२ पराभव, ३८ गुण. त्याच्याखाली फक्त ते तीन संघ होते, जे त्या वर्षी दुसऱ्या श्रेणीत घसरले. या हंगामाबद्दल क्लबच्या चाहत्यांमध्ये एक मत पक्कं होऊन बसलं आहे. लंडनमध्ये ते आहेच, पण पुण्या-मुंबईत मध्यरात्रीपर्यंत जागून सामने बघणाऱ्या आपल्या मंडळींमध्येही ते तितक्याच ठामपणे बोललं जातं. मत असं: संघ दुखापतींनी बुडाला, आणि दुखापती त्याच त्या ठरावीक खेळाडूंना झाल्या. मिकी व्हॅन डे व्हेन, क्रिस्टियन रोमेरो, रिचार्लिसन, सोलांकी, उदोगी, मॅडिसन. ही काचेची माणसं विकून टाका आणि धडधाकट शरीराची नवी घ्या.

हे मत मला चुकीचं वाटतं, आणि क्लबच्या दृष्टीने घातकही. त्याचा प्रतिवाद करायचा तर आधी ते नीट मांडलं पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. मैदानावर नसलेला खेळाडू कितीही गुणी असला तरी त्या दिवशी संघाला त्याचा उपयोग शून्य. एकदा हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, फाटला की तो पुन्हा फाटण्याची शक्यता वाढते, हे क्रीडावैद्यकशास्त्रात सिद्ध झालेलं आहे. पगार दर आठवड्याला जातो, खेळाडू फिजिओच्या टेबलावर असला तरी जातो. आणि ‘मोठे क्लब भावनेत अडकत नाहीत’ हे वाक्य शेवटी येतंच. यातला एकही मुद्दा खोटा नाही. खोटा आहे तो त्यातून काढलेला निष्कर्ष.

डॉमिनिक सोलांकीपासून सुरुवात करू, कारण या वादात त्याचं नाव सगळ्यात कमी वेळा येतं आणि ते सगळ्यात आधी यायला हवं. २०२३-२४मध्ये बोर्नमथकडून त्याने लीगचे ३८ पैकी ३८ सामने खेळले आणि १९ गोल केले. धडधाकट शरीर म्हणतात ते हेच. टॉटनहॅमने त्याला ऑगस्ट २०२४मध्ये मोठी रक्कम मोजून आणलं. पहिल्याच सामन्यात, लेस्टरविरुद्ध, त्याचा घोटा दुखावला. जानेवारीत गुडघा गेला. त्याच उन्हाळ्यात बर्नलीहून आलेला एकोणीस वर्षांचा विल्सन ओडोबेर, त्याच्यामागे जुन्या जखमांचा कसलाही इतिहास चिकटलेला नव्हता. तोही हॅमस्ट्रिंग दुखावून कित्येक महिने बाहेर बसला. म्हणजे ‘नवी शरीरं आणा’ हा उपाय क्लबने त्या वर्षी करूनच पाहिला होता. शरीरं बदलली, जखमा त्याच राहिल्या. मग दोष खेळाडूंच्या हाडामांसात शोधायचा की त्यांना जिथे आणलं गेलं तिथे?

आता त्या ‘तिथे’बद्दल. तेव्हाचे प्रशिक्षक अँजी पोस्टेकोग्लू यांची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. बचावफळी थेट मध्यरेषेजवळ उभी करायची, चेंडू गेला की तिथल्या तिथे हिसकावायचा, आणि मागे पडलेलं चाळीस-पन्नास मीटरचं मोकळं मैदान बचावपटूंनी वेगाने धावत जाऊन झाकायचं. बघायला ही पद्धत विलक्षण होती, मला ती आवडायचीही. पण माणूस पूर्ण वेगाने पळतो तेव्हा मांडीमागच्या स्नायूचं काय होतं ते पाहा. पाय पुढे फेकला जातो त्या क्षणी हा स्नायू लांब ताणला जात असतो, आणि त्याच क्षणी त्याला पायाचा झोत आवरायचा असतो. ताणलं जाणं आणि आवरणं एकाच वेळी. वेग जितका जास्त, तितका हा भार जास्त. मध्यरेषेवरून वळून स्वतःच्या गोलकडे धाव घेणाऱ्या बचावपटूला हा भार सामन्यात पुन:पुन्हा सोसावा लागतो.

व्हॅन डे व्हेनचा वेग जानेवारी २०२४मध्ये ब्रेंटफर्डविरुद्ध ताशी ३७.३८ किलोमीटर नोंदला गेला. तोवर प्रीमियर लीगमध्ये मोजलेला तो सर्वाधिक वेग होता. हा डाव मांडताच आला तो या एका माणसाच्या पायांच्या भरवशावर. नोव्हेंबर २०२३मध्ये चेल्सीविरुद्धच्या त्या विचित्र रात्री, जेव्हा रोमेरो आणि उदोगी लाल कार्ड घेऊन बाहेर गेले आणि उरलेले नऊ जण तरीही मध्यरेषेवरच उभे राहिले, तेव्हा व्हॅन डे व्हेन त्याआधीच हॅमस्ट्रिंग धरून मैदानाबाहेर गेलेला होता. मॅडिसनही घोटा दुखावून त्याच सामन्यात गेला. ज्याच्या वेगावर संघाने आपली सगळी योजना उभी केली, त्याचाच स्नायू फाटल्यावर त्याला नाजूक ठरवणं हा मला सरळ अन्याय वाटतो.

त्यात सामन्यांची संख्या. त्या हंगामात टॉटनहॅम ६० सामने खेळला: लीगचे ३८, युरोपा लीगचे १५, लीग कपचे पाच, एफए कपचे दोन. गुरुवारी युरोपात, रविवारी इंग्लंडमध्ये, मध्ये प्रवास. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अव्वल दर्जाच्या एका क्लबातल्या खेळाडूंच्या नोंदी तपासल्या गेल्या. आठवड्याला एक सामना खेळणाऱ्यांमध्ये दर हजार तासांमागे ४.१ दुखापती आढळल्या, दोन खेळणाऱ्यांमध्ये २५.६. सहा पट. खेळाडू तेच, मैदान तेच, फरक फक्त विश्रांतीचा. स्वीडनचे डॉक्टर यान एकस्ट्रँड यांनी युएफासाठी २००१पासून चालवलेल्या पाहणीत असंही दिसलं, की एकूण दुखापतींमध्ये हॅमस्ट्रिंगचा वाटा दोन दशकांत १२ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेला. याच पाहणीनुसार पंचवीस जणांच्या संघात वर्षाला साधारण पन्नास दुखापती होतातच. चांगल्या, श्रीमंत, नामांकित क्लबांमध्ये होतात. अख्ख्या युरोपातले खेळाडू एकाच काळात नाजूक जन्माला आले असं कोणी म्हणणार आहे का? खेळाचा वेग वाढला, सामने वाढले, आणि स्नायू मात्र पूर्वीइतकाच ताण सोसू शकतो.

पण माझा खरा राग डिसेंबरच्या एका सामन्यावर आहे, आणि चाहत्यांनी तो विसरू नये असं मला वाटतं. व्हॅन डे व्हेन ऑक्टोबरअखेर मँचेस्टर सिटीविरुद्ध लीग कपमध्ये पुन्हा हॅमस्ट्रिंगने बाहेर गेला होता. रोमेरोही बाहेर होता. गोलरक्षक विकारिओचा घोटा नोव्हेंबरमध्ये सिटीच्याच मैदानावर मोडला, त्या मोडक्या घोट्यावर तो तो सामना शेवटपर्यंत खेळला आणि मग शस्त्रक्रियेला गेला. अशा स्थितीत ८ डिसेंबरला चेल्सीविरुद्ध रोमेरो आणि व्हॅन डे व्हेन दोघांनाही एकाच दिवशी, सुरुवातीपासून मैदानात उतरवलं गेलं. रोमेरो पंधराव्या मिनिटाला मैदानाबाहेर गेला. व्हॅन डे व्हेन उत्तरार्धात. संघ ३-४ हरला. दोघेही पुढचे कित्येक आठवडे दिसले नाहीत.

‘हॅमस्ट्रिंग पुन्हा फाटतो’ हे शास्त्र सांगणाऱ्यांनी त्याच शास्त्राचं पुढचं वाक्यही सांगावं. तो पुन्हा फाटतो तो मुख्यतः परतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, म्हणजे पुरता बरा होण्याआधी त्यावर पूर्ण भार टाकला तर. परत कधी यायचं हे खेळाडू एकटा ठरवत नाही. डॉक्टर, फिजिओ, प्रशिक्षक आणि गुणतक्ता मिळून ते ठरतं, आणि बुडत्या संघात गुणतक्त्याचा आवाज सगळ्यात मोठा असतो. म्हणून घसरणाऱ्या क्लबमध्ये जखमा वाढत जातात: माणसं कमी पडतात म्हणून अर्धी बरी झालेली माणसं उतरवली जातात, ती पुन्हा पडतात, आणि उरलेल्यांवर आणखी भार येतो. राडू ड्रागुसिन सेंटरबॅकच्या जागी एकामागून एक सामने खेळत राहिला. ३० जानेवारीला एल्फ्सबोर्गविरुद्ध त्याच्या गुडघ्याचा मुख्य अस्थिबंध तुटला. त्याच्या शेजारी त्या हिवाळ्यात कोण खेळत होता? आर्ची ग्रे, वय अठरा, मूळचा मधल्या फळीतला.

जानेवारीची ट्रान्सफर विंडो उघडी होती तेव्हा हे सगळं क्लबच्या डोळ्यांसमोर होतं. महिन्याच्या सुरुवातीला किन्स्की हा गोलरक्षक आला. मैदानी खेळाडू म्हणाल तर डान्सो आणि तेल, दोघेही लोनवर, विंडो बंद होता होता. त्या महिन्यात लीगचे चार सामने झाले: न्यूकॅसल, आर्सेनल, एव्हर्टन, लेस्टर. चारही हरले. लेस्टर तर त्या वर्षी खाली घसरला. ‘पगार वाया गेला’ या तक्रारीचं उत्तर मी इथेच देतो. २०२३-२४च्या हिशेबात क्लबचं उत्पन्न सुमारे ५२.८ कोटी पौंड होतं आणि पगारावर सुमारे २२.२ कोटी गेले, म्हणजे जेमतेम ४२ टक्के. प्रीमियर लीगमध्ये इतकं कमी प्रमाण क्वचित दिसतं. जखमींच्या पगारामुळे या क्लबचा खिसा रिकामा झाला, हे म्हणणं या आकड्यांपुढे टिकत नाही. पैसा होता. खोली असलेला संघ उभारायला तो वेळेवर खर्च झाला नाही. रोमेरोने चेल्सीविरुद्धच्या पराभवानंतर स्पॅनिश भाषेतल्या वाहिनीशी बोलताना नेमकं हेच बोलून दाखवलं: प्रतिस्पर्धी दरवर्षी संघ बळकट करतात, आपण करत नाही. त्या रात्री त्याच्यावर शिस्तभंगाचा शिक्का मारणाऱ्यांमध्ये त्याला विका म्हणणारेच जास्त होते.

आणि विकायचं तर कोणत्या भावाने? गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेला, दोन वर्षांचा करार उरलेला खेळाडू बाजारात नेला की समोरचा क्लब त्याचे एमआरआय मागतो आणि किंमत निम्म्यावर आणतो. तुम्ही तळाच्या भावाने विकता आणि नव्याला वरच्या भावाने घेता. नव्याला भाषा, शहर, डावपेच शिकायला वर्ष जातं. त्या वर्षात तोही गुरुवार-रविवार खेळतो.

या क्लबच्या चाहत्यांनी तरी हे बोलू नये, असं मला लेडली किंगमुळे वाटतं. लंडनचाच मुलगा, क्लबच्याच अकादमीतला, अख्खी कारकीर्द एका क्लबात. त्याच्या गुडघ्यातली कूर्चा झिजून गेली होती. शेवटची काही वर्षं तो संघाबरोबर सराव करतच नसे. पोहायचं, व्यायामशाळेत जायचं, गुडघ्याची सूज उतरायची वाट पाहायची आणि सामन्याच्या दिवशी थेट मैदानात उतरायचं. आठवड्याला एकच सामना. दुसरा दिलाच तर पुढचा चुकायचा. आजच्या हिशेबाने त्याला कधीच निकालात काढलं असतं. टॉटनहॅमने त्याला ठेवलं, आणि त्याच्या शरीराभोवती आपलं वेळापत्रक बेतलं. २००८च्या लीग कप अंतिम सामन्यात चेल्सीला हरवणाऱ्या संघाचा तो कर्णधार होता. २००९-१०मध्ये तो लीगचे सुमारे निम्मेच सामने खेळला, पण मे महिन्यात मँचेस्टर सिटीच्या मैदानावर, चॅम्पियन्स लीगचं तिकीट ठरवणाऱ्या त्या १-० विजयात, बचावाच्या मध्यभागी तोच उभा होता. २०१२मध्ये एकतिसाव्या वर्षी निवृत्त झाला तेव्हा त्याच्यावर खर्च झालेला एकही पौंड वाया गेला असं कोणी म्हणालं नाही. त्याचे सगळे सामने कोणालाच मिळाले नसते. जे मिळाले ते दुसऱ्या कोणी खेळून दाखवले नसते.

गॅरेथ बेलची गोष्ट तर आकड्यांतच बोलते. २००७मध्ये साउदॅम्प्टनहून आलेला कोवळा मुलगा. त्याच डिसेंबरमध्ये घोटा गेला, हंगाम संपला. २००९च्या उन्हाळ्यात गुडघ्याची शस्त्रक्रिया. वर त्याच्या नावावर एक नकोसा विक्रम: तो खेळला त्या पहिल्या २४ लीग सामन्यांत संघ एकदाही जिंकला नाही. त्याला काढा, हा मुलगा अपशकुनी आहे, असं उघड बोललं जात होतं. क्लबने थांबायचं ठरवलं. ऑक्टोबर २०१०मध्ये त्याने मिलानमध्ये इंटरविरुद्ध तीन गोल केले, आणि २०१३मध्ये रेआल माद्रिदने त्याच्यासाठी सुमारे साडेआठ कोटी पौंड मोजले. तेव्हाचा तो जागतिक विक्रम होता.

‘मोठे क्लब निष्ठुर असतात’ म्हणणाऱ्यांना मी याप स्टामची आठवण करून देतो. २००१मध्ये अ‍ॅकिलिसच्या दुखापतीनंतर त्याचा वेग गेला, असं ठरवून मँचेस्टर युनायटेडच्या अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी त्याला लाझिओला विकलं. त्या हंगामात युनायटेडला लीग राखता आली नाही. स्टाम त्यानंतर सहा वर्षं खेळला, २००५मध्ये मिलानकडून चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यातही उतरला. फर्ग्युसन यांनी पुढे स्वतःच हा निर्णय चूक होता असं जाहीरपणे मान्य केलं. जगातला सगळ्यात कठोर मॅनेजर मानला गेलेला माणूस जे मान्य करतो, ते त्याचं नाव घेऊन वाद घालणाऱ्यांना मान्य नसतं.

मी हेही नाकारत नाही की काही वेळा थांबणं फुकट जातं. आर्सेनलने अबू डियाबीला २०१५पर्यंत सांभाळलं आणि शेवटच्या वर्षांत तो मोजकेच सामने खेळू शकला. २००६मध्ये सदरलँडला त्याच्या घोट्यावर झालेल्या त्या आघाताने त्याची कारकीर्दच वाकवली. असे निर्णय घ्यावे लागतात. ते एका गुडघ्याच्या, एका घोट्याच्या तपासणीवरून, डॉक्टरांनी घ्यायचे असतात. सात-आठ जणांची नावं एका यादीत घालून, शेवटचा पराभव डोक्यात ठेवून नव्हे. तसंच सगळं खापर दुखापतींवर फोडणाऱ्यांनाही मी सूट देणार नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये ब्रायटनला २-० अशी आघाडी घेऊन टॉटनहॅम ३-२ हरला, तेव्हा रोमेरो आणि व्हॅन डे व्हेन दोघेही मैदानात होते. खेळण्याच्या पद्धतीतच भगदाड होतं. पण हा मुद्दा प्रशिक्षकाविरुद्ध जातो, ज्यांचे स्नायू फाटले त्यांच्याविरुद्ध जात नाही.

खेळाडू टिकवणं म्हणजे तिजोरी बंद करून बसणंही नव्हे. २०१८च्या उन्हाळ्यात टॉटनहॅमने सगळे मुख्य खेळाडू राखले आणि एकही नवा घेतला नाही. प्रीमियर लीगमध्ये उन्हाळी विंडो सुरू झाल्यापासून असं करणारा तो पहिला क्लब. पुढच्या वर्षी संघ चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला खरा, पण दमलेल्या त्याच माणसांना घेऊन २०१९च्या नोव्हेंबरपर्यंत प्रशिक्षक पोचेटिनोंची नोकरी गेली. जुन्यांना ठेवा आणि त्यांच्या मागे आणखी माणसं उभी करा, म्हणजे जुन्यांना बरं व्हायला वेळ मिळेल. माझं म्हणणं एवढंच आहे. आणि वेळ आली की सन ह्युंग-मिनसारख्यालाही सन्मानाने जाऊ द्या. दहा वर्षांनी, तेहतिसाव्या वर्षी तो गेला, ते योग्यच झालं. त्याच्या निरोपाच्या सामन्यात, सोलमध्ये, मॅडिसनचा गुडघा गेला आणि लगेच त्याचंही नाव त्या यादीत वर चढलं, हे मात्र मला सहन होत नाही.

जेव्हा क्लबने वेळ दिला तेव्हा काय झालं, ते २१ मे २०२५ला बिल्बाओमध्ये दिसलं. वसंतात पोस्टेकोग्लू यांनी लीगवर जवळपास पाणी सोडलं. रोमेरो आणि व्हॅन डे व्हेन यांना रविवारी बसवायचं आणि गुरुवारी खेळवायचं, असं सुरू केलं. लीगमध्ये त्याची किंमत मोजावी लागली. पण मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात मध्यभागी तेच दोघे होते. ब्रेनन जॉन्सनच्या एका गोलची आघाडी त्यांनी राखली. होयलुंडचा हेडर गोलरेषेवरून हवेत झेप घेऊन परतवणारा व्हॅन डे व्हेन होता, तोच काचेचा. सामन्याचा मानकरी रोमेरो. सतरा वर्षांनी पहिला करंडक, एकेचाळीस वर्षांनी पहिला युरोपीय करंडक. तीन महिन्यांनी नव्या हंगामाच्या पहिल्या सामन्यात बर्नलीविरुद्ध दोन गोल केले ते रिचार्लिसनने. आणि नोव्हेंबरमध्ये कोपनहेगनविरुद्ध स्वतःच्या गोलजवळून चेंडू घेऊन अख्खं मैदान पळत जाऊन गोल करणारा पुन्हा व्हॅन डे व्हेनच होता, त्याच मांड्यांवर.

म्हणून पुण्यात, ठाण्यात, पणजीत, लंडनमध्ये ‘कोणाला विकायचं’ याच्या याद्या करणाऱ्या माझ्या मित्रांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी कोणी मांडी धरून खाली बसला, की आधी विचारा: याआधीच्या दोन आठवड्यांत तो किती मिनिटं खेळला, मागच्या दुखापतीनंतर त्याला किती दिवस दिले, आणि त्याच्या जागी खेळवायला बाकावर कोण होता. या तिन्ही प्रश्नांची उत्तरं खेळाडूने नव्हे, क्लबने द्यायची आहेत. ती मिळेपर्यंत विक्रीची यादी खिशात ठेवा.